मुंबईवाल्यांचं घर

कर्जत तालुक्यात जागा बघायला आलेला माणूस आज पहिला प्रश्न विचारतो, ‘स्टेशनपासून किती मिनिटं?’ जाहिरातीतल्या मिनिटांवर जाऊ नये. ती भल्या पहाटे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना मोजलेली असतात. आम्ही इकडे राहायला आलो तेव्हा लोक वेगळंच विचारायचे : ‘शेवटची कर्जत चुकली तर काय करणार?’ लालबागच्या चाळीतल्या बायकांनी आईला हे इतक्यांदा विचारलं, की तिने उत्तर ठरवूनच टाकलं होतं, ‘पहिली पकडतील.’

१९८२चा गिरणी संप होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. वडील गिरणीत नव्हते. गिरगावातल्या एका छापखान्यात ते खिळे जुळवायचे. पण गिरण्या थंडावल्या तसं लालबाग-परळचं सगळंच बसलं. खानावळी, वाण्याकडची उधारी, भिशी, सगळं. चाळीतल्या एका खोलीत आजी, दोन काकांचे संसार आणि आम्ही. पागडीच्या त्या खोलीतला आपला वाटा वडिलांनी काकांना सोडला आणि त्याचे जे पैसे हातात आले, त्यांत डोंबिवलीला मोरीसुद्धा आली नसती. छापखान्यातल्या एका सहकाऱ्याचं गाव कडावच्या पुढे होतं. त्याच्या शब्दावर दोन गुंठे जागा आणि तिच्यावरचं कौलारू घर घेतलं. जागा गावठाणातली होती, कारण शेतजमीन आम्हाला घेताच आली नसती. १९४८च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि आमचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की आणखी दोन एजंट येतील.

गावाने आमच्या घराला लगेच नाव दिलं : मुंबईवाल्यांचं घर. आई मुंबईवाली वयनी आणि मी मुंबईवाल्यांची पोर. वडिलांचा अर्धा जन्म मुंबईत आणि उरलेला अर्धा मुंबईच्या गाडीत गेला, तेव्हा त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. व्हीटी ते कर्जत शंभर किलोमीटर. जलद गाडी असली तरी दोन तास मोडायचे, आणि गाव त्याच्याही पुढे. लग्नसराईत छापखाना रात्री उशिरापर्यंत चालायचा. मग वडील शेवटच्या कर्जतने येत. एसटी केव्हाच गेलेली असायची. मिळालाच तर वीटभट्टीचा ट्रक, नाहीतर आपले पाय. वेशीजवळ आले की ते मुद्दाम मोठ्याने खाकरायचे. कुत्र्यांनी ओळखावं म्हणून, असं ते सांगत. पण ते खाकरणं समोरच्या ओट्यावर पडलेले नाना आधी ऐकायचे. ‘आला गो तुझा मालक,’ असं ते आईला ओरडून सांगायचे आणि मग कूस बदलून झोपायचे. नाना आमचे कोणीही नव्हते. त्यांना आम्ही काही दिलेलंही नव्हतं. वडील आल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे, एवढंच.

आता माझा भाचा एम-इंडिकेटर उघडून ‘मामाची गाडी वांगणीला आलीये’ म्हणून सांगतो आणि त्या हिशेबाने स्कूटर काढतो. मला याचं वाईट वाटत नाही. अंधारातून चालत आलेल्या माणसाचे पाय मी पाहिलेत.

कर्जत स्टेशनचा थाट मात्र वेगळाच होता. १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाट चढून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून इंजिनं जोडायची ती इथंच. त्यासाठी गाडी थांबायची आणि तेवढ्यात दिवाडकरांचा वडापाव सगळ्या डब्यांतून फिरून यायचा. एप्रिल-मेमध्ये ठाकरवाडीच्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन फलाटावर बसत. मागून इंजिन लागलं की बसणारा तो बारीकसा धक्का आम्हा पोरांना भाषणासारखा पाठ होता. धक्का बसला की वडे विकणाऱ्यांनी उड्या टाकायच्या. आता वंदे भारत मागच्या इंजिनाशिवायच घाट चढून जाते. वडा अजून मिळतो आणि चांगला मिळतो, पण तो विकत घ्यायला लोक हल्ली हायवेवरून गाडी वळवून येतात. द्रोण जवळजवळ गेले. करवंदं प्लॅस्टिकच्या डब्यात येतात, वर पारदर्शक झाकण.

लालबागला आमच्या मजल्यावर नळ होता आणि त्याच्यावरून भांडणं होती. गावात विहीर होती. तिथं भांडण नव्हतं, पण आईला हंडा डोक्यावर धरता येत नव्हता. पहिल्या दिवशी तिने हंडा कमरेवर घेतला आणि घरी पोहोचेपर्यंत अर्धी भिजली. काठावरच्या बायका हसून हसून वाकल्या. नानांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकीने, आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, ती पिळून, गोल गुंडाळून, टोक आत खोचून चुंबळ केली आणि आईच्या डोक्यावर दाबून बसवली. ‘मान हलवू नको, कंबर हलू दे,’ एवढंच शिकवणं. ती चुंबळ आईने वर्षानुवर्षं वापरली. पुढे तिच्यावर तवा ठेवायची.

पहिल्या वर्षी भातही काकीकडूनच आलं. भरडून घ्यायचं तेवढं आमचं काम. बदल्यात आम्ही काय देणार? वडिलांकडे फक्त अक्षर होतं. तलाठ्याकडचा अर्ज, वीजमंडळाला तक्रार, पोराच्या नोकरीचा दाखला, सगळं आमच्या ओट्यावर लिहून घेतलं जायचं. मग लग्नपत्रिका सुरू झाल्या. गावातली पत्रिका वडील छापखान्यातून कागदाच्या किमतीत छापून आणत. भाऊकीतलं कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, मामाचं कुठे, कोणाला विसरलं तर जेवणावर बहिष्कार पडेल, हे त्यांना गावातल्या माणसांपेक्षा जास्त कळायला लागलं. ‘आपले नम्र’च्या खाली त्यांनी गावाच्या तीन पिढ्या जुळवल्या. शेवटी शेवटी माणसं पत्रिकेसाठी येत आणि सोयरिकीबद्दलच सल्ला विचारून जात.

मला वाटतं, आमचं गावात बसणं या देण्याघेण्यावर झालं. आम्हाला गावाची गरज होती आणि थोडीशी गावालाही आमची. आवडनिवड वगैरे पुढची गोष्ट. निसर्गाच्या ओढीने आम्ही आलोच नव्हतो. वडिलांना तर गवताची ॲलर्जी होती.

विजेचं मात्र हसू येईल अशी अवस्था. आमच्या विहिरीपासून थोडं पुढे गेलं की माथ्यावरून उच्चदाबाच्या तारा मुंबईकडे जाताना दिसत. भिवपुरीचं टाटांचं वीजघर १९२२पासूनचं. वर मावळात आंध्रा नदी अडवून ठोकरवाडीचा तलाव केला. त्यातलं पाणी नळांतून सुमारे अर्धा किलोमीटर खाली सोडलं, की वीज मुंबईला. आणि खाली आम्ही चाळीसच्या बल्बात वाल सोलत बसलेलो. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या शाळेत कोणाला समजावून सांगावी लागली नाही. पुढे भारनियमनाच्या दिवसांत मुंबई झगझगीत आणि आम्ही काळोखात, तेव्हा नाना तारांकडे बघून म्हणायचे, ‘भाई असता तर पाडलं असतं परत.’ भाई म्हणजे माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले. नाना तेव्हा लहान असणार, पण मनोरा पडल्याचा आवाज ऐकल्याचं ते शपथेवर सांगायचे. जेवढ्या वेळा सांगायचे, तेवढ्या वेळा आवाज मोठा व्हायचा.

त्या विजेने आम्हाला उजेड उशिरा दिला, पण पाणी आधीच दिलं होतं. वीज तयार झाली की पाणी पेज नदीत सोडतात. आंध्रेचं हे पाणी खरं म्हणजे इंद्रायणीतून भीमेला आणि पंढरपूरला जायचं. ते घाटाच्या अलीकडे उतरवलं म्हणून आमच्या पट्ट्यात भर मे महिन्यात नदी वाहते आणि कालव्याखाली उन्हाळी भात होतं. एकादशीला पाण्यात उतरताना काकी नमस्कार करून म्हणायची, ‘माऊलीचंच हाय.’ पुढे हेच पाणी उल्हास नदीतून बदलापूर-कल्याणकडे जातं. मुंबईने पंखे लावले की आमची नदी फुगायची. सकाळी दगडावर कपडे धुणाऱ्या बायका पाण्याचा रंग बघून मुलांना वर बोलवायच्या, ‘पाणी सुटलंय रे.’ ही हाक आता कोणी कोणाला देत नाही. काठावर रिसॉर्ट आलेत आणि शनिवार-रविवारी पाण्यात उतरणाऱ्यांना नदी म्हणजे पोहण्याचा तलाव वाटतो. दर पावसाळ्याच्या तोंडाला एखादी वाईट बातमी येते. मग पाटी लागते, पाटीपुढे सेल्फी काढतात.

आता पोपटीचं सांगते, नाहीतर रायगडकर मला माफ करणार नाहीत. भात कापून झालं की ओलीवर वाल पेरायचा. थंडीत शेंगा भरल्या की संध्याकाळी कोणाच्या तरी शेतात पोरं जमत. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधे अंडी, असली तर केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून भरायचा. मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. थेंबभर पाणी आत जात नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा. चर्र झालं की ओढायचं. मडकं काठीने बाहेर काढून पेपरवर पालथं केलं की भांबुर्ड्याचा तो कडवट, ओव्यासारखा वास हाताला रात्रभर राहायचा. पोपटीला आमंत्रण नसे. जाळ दिसला की माणसं यायची, येताना मीठ नाहीतर दोन अंडी आणायची.

हल्ली डिसेंबर-जानेवारीत ‘पोपटी नाइट’ असते. माणशी दर असतो, तंबू असतो, गिटार असते. शेंगा कित्येकदा बाजारातून आणलेल्या, कारण ज्या शेतात वाल पेरायचा त्याला कुंपण पडलंय. पण मडकं लावायला लागतो नानांचा नातूच, आणि एका रात्रीत त्याला जे मिळतं ते नानांनी वालाच्या अख्ख्या हंगामात पाहिलं नसेल. तो मडकं चोख लावतो, मी खाल्लंय. मला फक्त तिथं पैसे भरून जावंसं वाटत नाही. तो बोलावतो, ‘आत्या, तुमचे कसले पैसे!’ तरी नाही जात. हा माझा हट्ट समजा.

शेतं विकणारे बाहेरचे नव्हते, हेही सांगायला हवं. राब भाजायचा, चिखलणी करायची, आवणीला मजूर शोधायचे, आणि सगळं करून भाताला मिळणारा भाव बघायचा. कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताच्या एकाहून एक चांगल्या जाती दिल्या. नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळ्यांनी नांगरणी-चिखलणीशिवाय भात घ्यायची पद्धत काढली आणि काहींनी ती उचललीही. पण दोन भावांत वाटलेल्या अर्ध्या एकराला कोणी काय करणार? पनवेल-कर्जत लोकलमार्गाची बातमी आली आणि रस्त्याकडेच्या खाचरांना सोन्याचे भाव आले. नानांच्या मुलांनी रस्त्याची जमीन दिली, मार्बलची लादी बसवली, एकाने जेसीबी घेतला. त्याच खाचरात तो भरणी टाकत होता तेव्हा मी तिथून चालले होते. त्याने इंजिन बंद करून विचारलं, ‘काय आत्या, ओळखीचं वाटतंय का?’ आणि स्वतःच हसला.

२०२०च्या मार्चमध्ये लोकल बंद पडल्या. जन्मात पहिल्यांदा स्टेशन असं गप्प ऐकलं. त्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी जास्तच, बंगल्यांत दिवे दिसायला लागले. एरवी शनिवारी उघडून रविवारी बंद होणारी घरं मंगळवारीही उघडी. कोणी ठाण्याचे, कोणी मुलुंडचे, घरून काम करणारे. काही साथ ओसरल्यावर परत गेले. काहींनी शहरातली घरं भाड्याने दिली आणि इथंच राहिले. आमच्या मागच्या आळीपलीकडे अशा घरांची एक रांगच झाली. बोअर आहे, बोअर आटली तर टँकर आहे, इन्व्हर्टर आहे, फायबरचं इंटरनेट आहे, भाजी फोनवर येते. माणसं चांगली आहेत. रस्त्यात भेटली की गाडीची काच खाली करून बोलतात. पण त्यांना गावाकडे मागावं असं काही लागतच नाही. चुंबळ कोणी कोणाला वळून द्यायची? त्यांच्या घराला गावाने अजून नाव दिलेलं नाही. ‘तिसरा बंगला’, ‘कुत्र्यांचा बंगला’ असंच चालतं.

हे सगळं मी आईला बोलून दाखवलं. आई आता नव्वदीला टेकलीय, कान तल्लख. म्हणाली, ‘तुला काय जातंय? पाणी मी भरत होते.’ घरात नळ आल्यापासून तिने विहिरीकडे वळून पाहिलेलं नाही. काकीचे गुडघे कसे गेले, चुलीच्या धुराने नानांच्या सुनेचा खोकला कसा वाढला, एका पावसाळ्यात बाळंतिणीला डोलीत घालून सडकेपर्यंत कसं नेलं, हे ती मला ओळीने सांगत बसते, मुद्दाम. २६ जुलै २००५च्या पावसात मी ऑफिसात अडकले आणि घरी माझा काही पत्ता नव्हता, तेव्हा तिने काय काढलं तेही ऐकवते. ‘त्या रात्री एक मोबाइल असता तर मी असलं गाव ओवाळून टाकलं असतं,’ असं तिचं स्पष्ट म्हणणं. मी म्हटलं, त्या रात्री सगळं गाव आपल्या ओट्यावर बसून होतं ना? ‘हो,’ ती म्हणाली, ‘आणि सगळ्यांना चहा करत होते कोण?’

तरीही वडील गेले तेव्हा बारावं-तेरावं गावानेच उरकलं आणि कोणी आईला विचारायला आलं नाही की काय काय लागेल. ते त्यांना माहीत होतं. आईही हे नाकारत नाही. फक्त ते विहिरीच्या खात्यात मांडू देत नाही.

गेल्या ग्रामसभेत गंमत झाली. सरपंच आहे नानांची नातसून. बंगल्यांच्या रांगेतले एक काका आले होते, निवृत्त, सरळ माणूस. घंटागाडी आमच्याकडे का येत नाही, आम्ही घरपट्टी भरतो, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा रास्त होता. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, ‘कचरा पण तिकडूनच आणतात.’ सरपंचबाईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि काकांना म्हणाली, ‘गाडी येईल काका, सोमवारपासून. पण ग्रामसभेत ठराव मांडायचा तर नाव आमच्या यादीत पाहिजे. तुमचं मत कुठं?’

‘ठाण्यात.’

‘मग इकडे आणा की. किती वर्षं पाहुण्यासारखे राहणार?’

काका जरा चपापले, पण सभा संपल्यावर माझ्याकडे आले. मी वडिलांचा ओटा चालवते म्हटलं तर चालेल. अजूनही अर्ज भरून घ्यायला चारदोन माणसं येतातच, फक्त आता मोबाइलवर. पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालतं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, विजेचं बिल घेऊन या. दुसऱ्या दिवशी बिल घेऊन आले, सोबत काकू आणि शेवयांचा डबा. बिल पाहिलं तर त्यावर अजून बिल्डरचंच नाव. आता आधी मीटर नावावर करायचा अर्ज. तो लिहायला बसलोय.